सातव्या वातीचं उद्यापन

एका राज्यात, जिथून समुद्र दिसत नसे पण समुद्राचं वारं लागत असे, सुकेतू नावाचा राजा होता आणि हेमावती नावाची राणी होती. राजा मानी होता, राणी व्रतस्थ होती. राजाचा शब्द दरबारात चाले, राणीचा देवघरात. दोघांचं बरं चाललं होतं.

त्या राज्याला शेजारी सहा. फार पूर्वी सातही राज्यांच्या वाडवडिलांनी मिळून एक वसा घेतला होता. सातांच्या सीमा जिथं भेटतात त्या टेकडीवर त्यांनी वेशीआईचं देऊळ बांधलं आणि देवळात सात वातींची समई लावली. प्रत्येक राज्याची वात वेगळी, तेल मात्र सगळ्यांचं एक. समई तेवते आहे तोवर वेशीवर कुणी कुणाला अडवायचं नाही. ह्याचा तांदूळ त्याच्या पेठेत जावा, त्याचं मीठ ह्याच्या चुलीपाशी यावं. समईशेजारी एक रांजणही ठेवला. अडीनडीला असावा म्हणून सगळ्यांनी मिळून तो नाण्यांनी भरला. ह्या वशाला लोक मेळ म्हणत. सात राज्यांचा मेळ.

आता मेळ म्हटला की कुरबुर आलीच. सात जावा एका चुलीशी असल्या म्हणजे भांड्याला भांडं लागायचंच. एके वर्षी सहा राजे म्हणाले, सातही पेठांत धान्य मापायला एकच पायली असावी. सुकेतूच्या राज्यातली पायली जरा उभट होती, त्याच्या आजोबांनी घडवून घेतलेली. ती बघून कुणीतरी हसलं. कोण हसलं ते पुढं कुणालाच आठवेना, पण हसलं एवढं खरं. राजाच्या जिव्हारी लागलं. त्यानं दवंडी पिटली, प्रजेला विचारलं, "मेळात राहायचं की निघायचं?" अर्धे म्हणाले राहू, अर्धे म्हणाले निघू. निघू म्हणणारे मूठभर जास्त भरले.

मग राजानं काय केलं? तसाच उठला आणि टेकडीवर गेला. हातात ना फूल ना अक्षता, कुणाचा निरोपही घेतला नाही. समईपुढं उभा राहिला, गाल फुगवले आणि आपल्या वातीवर फुंकर घातली. मागं भांडारी कोंडोपंत उभे होते. त्यांना म्हणाला, "पंत, रांजण उचला. आपला वाटा काढून घेऊ आणि रिकामा परत धाडू."

वात विझली नाही. पेटलेलीही राहिली नाही. धुमसत राहिली.

त्या धुरातून एक मांत्रिक उतरला. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. म्हणाला, "राजा, मी अधांतर. बोलावलंस, आलो."

"मी कुणाला बोलावलं नाही."

"अर्धवट टाकलेल्या कामाच्या घरी मला वेगळं आमंत्रण लागत नाही."

आणि तो राजाच्या मागोमाग, जमिनीपासून वीतभर वरून, चालत दरबारात आला.

दुसऱ्या दिवशी डावा प्रधान म्हणाला, "महाराज, आपण निघालो. आता शेजाऱ्यांशी नवा करार करू." उजवा प्रधान म्हणाला, "वात अजून विझलेली नाही, म्हणजे आपण निघालोच नाही. परत जाऊ." राजानं एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. अधांतर त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "घाई कशाला? उद्या ठरवा." राजा म्हणाला, "उद्या ठरवू." त्याबरोबर अधांतर बोटभर उंच झाला.

असं रोज चाललं. राजानं उद्या म्हणावं, अधांतरानं वाढावं. वाढता वाढता त्याचं डोकं दरबाराच्या छताला टेकलं, तेव्हा राजानं छताला भोक पाडून दिलं.

वातीचा धूर राज्यभर पसरला, आणि जे जे जिथं होतं ते ते तिथं अडकलं. चुलीवरचं दूध काठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, उतू जाईना की खाली बसेना. कौलांवरून उडी मारलेली मांजर हवेतच राहिली. एका मांडवात लग्न लागत होतं. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, पण शेवटच्या 'सावधान'पर्यंत काही केल्या पोचेनात. अंतरपाट धरून मामाचे हात भरून आले. टाकलेल्या अक्षता वर हवेत लटकल्या होत्या, आणि नवरी अंतरपाटाआडून कुजबुजत होती, "अहो, तुम्ही आहात ना तिकडं?"

"आहे, पण पाय दुखतायत," नवरा म्हणाला.

वेशीवर तर बघवत नव्हतं. येणारे बैल आणि जाणारे बैल कमानीखाली एकमेकांच्या तोंडाशी तोंड लावून उभे. गाड्यांतल्या कांद्यांना कोंब फुटले. इकडचा गाडीवान म्हणे, "आम्ही मेळातले आहोत, सोडा." तिकडचा रखवालदार म्हणे, "आहात की नाही ते राजाला विचारून या." बायका पाणवठ्यावर म्हणत, "बाई, आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आपली गत." राज्याचं पार भिजत घोंगडं झालं.

आणि त्याच कमानीखाली एक पालखीही अडकली होती.

ती केतकीची. केतकी राजाची एकुलती एक लेक. मेळातल्याच मिठाच्या राज्यात, समुद्रकाठी, तिला दिलेली. पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून डोहाळजेवण उरकून सासरहून निघाली होती. पुढचे दोन भोई माहेरचे, मागचे दोन सासरचे. पालखी कमानीत आली मात्र आणि भोयांची पावलं उचललेली ती उचललेलीच राहिली. पालखी अर्धी ह्या राज्यात, अर्धी त्या राज्यात. केतकीला कळा येत आणि थांबत, येत आणि थांबत. सुईण येऊन बघून गेली. राणीला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळ आडवं नाही, उलटं नाही. नुसतं दाराशी येऊन थांबलंय. पण आईची ताकद किती पुरायची?"

राणी हेमावती कमानीपाशी धावली. पालखीच्या पडद्यातून हात घालून लेकीचं कपाळ पुसलं.

"आई, तू आत ये ना," केतकी म्हणाली.

राणी पाऊल टाकू गेली, तर तिचंही पाऊल अडलं. लेकीच्या कपाळापर्यंत हात पोचत होता, पुढं पोचत नव्हता. तिथं उभ्याउभ्या राणीनं व्रत धरलं. "माझी लेक सुखरूप घरात येईपर्यंत मी मीठ खाणार नाही. वेशीआई, ऐकतेस ना?"

वेशीआई काही बोलली नाही. पण जवळच्या उघड्या माळावर टिटवी बसली होती, ती बोलली.

"ऐकते, ऐकते. पण तुझं तोंड एकीकडे आणि मन दोनीकडे, त्याला ती तरी काय करणार?"

राणीनं वळून बघितलं. "टिटवी, तू ओरडलीस की लोक कानावर हात ठेवतात. आज तू तरी बरं बोल."

"लोक मला अशुभ म्हणतात," टिटवी म्हणाली. "मी उघड्यावर अंडी घालते, सीमेवर राहते, जे दिसतं ते ओरडून सांगते. खरं बोलणारीला गावात घर नसतं, राणीबाई. बरं, तुझं ऐकू दे. मनात काय आहे?"

"मेळात परत जावं असं वाटतं. राजाचा शब्दही मोडू नये असं वाटतं."

"बघ, दोन. म्हणून पाऊल अडलं. ह्या कमानीत ज्याचं मन एका ठिकाणी तोच जातो. मला सांग, हे दोन्ही सोडून तुला काय हवंय?"

राणीला विचार करावा लागला नाही. "माझी लेक घरात यायला हवी."

"मग आता टाक पाऊल."

राणीनं पाऊल टाकलं. पडलं. पण पालखी हलली नाही, कारण पालखी चार भोयांची होती आणि भोई दोन राज्यांचे होते.

टिटवी म्हणाली, "ऐक. तुझ्या राजानं वसा टाकला, उद्यापन केलं नाही. व्रत सोडायचं तर सोडावं, देवी काही धरून ठेवत नाही. पण सोडायचीही रीत असते. शेजारचं भांडं रिकामं परत धाडू नये. घरून निघताना निरोपावाचून उंबरा ओलांडू नये. दिव्याला फुंकर घालू नये. राजानं तिन्ही केलं. तू तिन्ही निस्तर."

"एवढंच?" राणी म्हणाली. "हे तर मी परकरात होते तेव्हा शिकले."

"मग राजाला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि मलाही वाटलं, घराची रीत वेगळी, राज्याची वेगळी."

"घरं नसती तर राज्य कशाचं असतं गं?" टिटवी म्हणाली आणि अंडी उबवायला बसली.

राणी आधी भांडारात गेली.

भांडारात रांजण होता आणि रांजणात कोंडोपंतांचा हात होता. राजाच्या आज्ञेनं पंतांनी वाटा काढायला हात घातला होता, तो कोपरापर्यंत आत गेला आणि तिथंच अडकला, पुढं जाईना की मागं येईना. आतली नाणी एकमेकींशी भांडत. एक म्हणे, "मी इकडची." दुसरी म्हणे, "तू तिकडची." पंतांचा कान रांजणाला लागलेला, त्यामुळे बिचाऱ्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. शेजारी त्यांची बायको बसली होती. ती त्यांना भरवत होती.

"तोंड उघडा," ती म्हणत होती. "दुसऱ्याच्या रांजणात हात घालताना नाही विचारलंत, आता लाडवाला कशाला विचारता, कशाचा म्हणून?"

"अगं, बेसनाचा आहे की रव्याचा एवढंच विचारलं."

राणीनं हातातली सोन्याची पाटली काढली आणि रांजणात टाकली. रांजणानं ती बाहेर फेकली. राणीनं पैठणी आणवली, घडी करून आत सोडली. रांजणानं तीही बाहेर फेकली.

राणी खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "पंत, खरं सांगा, हात घातलात तेव्हा मनात काय होतं?"

पंत म्हणाले, "राणीसाहेब, निघेल तेवढं काढावं, असं होतं."

"माझ्याही मनात आत्ता तेच होतं. पाटली टाकते आणि तुमचा हात काढते. हा सौदा झाला. शेजारणीची वाटी परत देताना आपण साखर घालतो, तो काय सौदा असतो? पंत, ह्या रांजणातल्या नाण्यांतून सहा राज्यांनी आपल्या दुष्काळात आपल्याला धान्य घेऊन दिलं होतं. तुम्ही तेव्हा केवढे होतात?"

"लहान होतो. आई दुसऱ्यांदा वाढायला लागली, तेव्हा मला कळलं की दुष्काळ संपला." पंतांनी बायकोच्या हातातल्या लाडवाकडे बघितलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग मोकळा हात पुढं करून त्यांनी तो लाडू घेतला आणि रांजणात सोडला.

"अगं बाई," बायको म्हणाली. "ह्यांनी लाडू सोडला!"

रांजणानं सुस्कारा टाकला. आतलं भांडण थांबलं. पंतांचा हात अलगद बाहेर आला. मग राणीनं त्यात वरून राज्यातला मूठभर तांदूळ घातला, फडकं बांधलं आणि रांजण टेकडीवर रवाना केला. रांजणाच्या गाडीचे बैल कमानीत अडले नाहीत.

दुसरं काम अवघड होतं. निरोप घ्यायचा म्हणजे सहा राज्यांचा, आणि सहांच्या वतीनं बोलायचा मान होता मिठाच्या राज्याच्या राणीचा. तिचं नाव सिंधुमती. ती केतकीची सासू, म्हणजे हेमावतीची विहीण.

राणी पायी गेली. मिठागरं उन्हात चमकत होती. सिंधुमती ओसरीवर बसली होती, उठली नाही.

"या विहीणबाई," ती म्हणाली. "चालत आलात? पालख्या सगळ्या कमानीत अडकल्या असतील ना तुमच्या?"

"एकच अडकलीय. तुमचीही आहे ती."

"माझी सून आहे तिच्यात आणि माझं नातवंड. म्हणून तर ताटं वाढून ठेवलीत, नाहीतर दारातून परत पाठवलं असतं. बसा, जेवा."

पान वाढलं. डाव्या बाजूला आधी मीठ. समुद्राचं, चांदणीसारखं शुभ्र. हेमावतीनं हात जोडले. "मीठ नको, विहीणबाई. आमटी-भाजीही नको. साधा भात वाढा, अळणी."

सिंधुमतीचा चेहरा लाल झाला.

"आमच्या राज्यात येऊन आमचं मीठ नको? इतकी वर्षं चाललं. पायलीवरून मन मोडलं, तर आता मिठावरूनही?"

"तुमचं म्हणून नको, असं नाही हो. केतकी घरात येईपर्यंत मीठ सोडलंय."

सिंधुमती उठली. आपल्या पानातलं मीठ उचललं आणि बाहेर तुळशीपाशी ठेवलं. परत येऊन बसली. "मला आधी सुचायला हवं होतं," म्हणाली. "आजपासून मीही अळणी."

दोघी जेवल्या. अळणी भात घशाखाली उतरत नव्हता, पण दोघींनी एकमेकींकडे बघत तो संपवला.

"हं, आता बोला," सिंधुमती म्हणाली. "मागायला आलात की निरोप घ्यायला? तुम्ही म्हणालात, परत घ्या, तर सहा जणांना विचारीन. म्हणालात, निघतो, तरी सहा जणांना सांगीन. आम्ही तुम्हाला बोलावून धरलं नव्हतं आणि ढकललंही नाही. पण न सांगता उठून गेलात, त्याचं वाईट वाटलं. जेवता जेवता माणूस ताटावरून उठून गेला की यजमानिणीला काय वाटतं, ते मी तुम्हाला सांगायला नको."

हेमावतीचे डोळे भरले. "चुकलं. मला स्वतःला विचाराल तर मी राहिले असते. पण ते माझ्या एकटीचं नाही. राजा जे म्हणेल ते तो स्वतः येऊन, हात जोडून म्हणेल, एवढं वचन देते. तुम्ही टेकडीवर या."

"राजा येईल?"

"मी आणते."

"आणा मग," सिंधुमती म्हणाली. "आणि हो, सुनेला कळा येताहेत का अजून?"

"येतात आणि थांबतात."

"तर उठा. बसलात काय?"

तिसरं काम राजाचं होतं. ते राणीला करून चालणार नव्हतं.

ती दरबारात गेली. अधांतर आता एवढा वाढला होता की त्याचं डोकं दरबाराच्या वर कुठं तरी ढगात होतं आणि आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. राणी म्हणाली, "महाराज, टेकडीवर चला."

"उद्या," वरून आवाज आला.

राजानंही तोंड उघडलं. "उद्..."

"आज," राणी म्हणाली आणि तिनं भर दरबारात राजाचा हात धरला. असं कधी कुणी बघितलं नव्हतं. दोन्ही प्रधानांनी माना खाली घातल्या. राजा निघाला.

टेकडी कमानीच्या अगदी वर होती. देवळातून खाली पालखीचा लाल पडदा दिसत होता. सहा वाती तेवत होत्या. सातवी धुमसत होती. रांजण जागच्या जागी होता. सिंधुमती आली होती, हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. समईपाशी दोन वाट्या ठेवल्या होत्या, एक तेलाची, एक दुधाची.

राणी म्हणाली, "तेल घातलंत तर उजळेल, आपण राहिलो. दुधाचा थेंब सोडलात तर शांत होईल, आपण निघालो. काहीही करा, पण हातानं करा. फुंकर नको."

अधांतर देवळाच्या कळसावर वाकला होता. म्हणाला, "राजा, निघालास तर अर्धी प्रजा तुझ्या नावानं बोटं मोडील. राहिलास तर उरलेली अर्धी मोडील. थांबलास तर कुणीच नाही."

"आत्ता तर सगळेच मोडतायत," राणी म्हणाली.

राजा घामानं डबडबला. हात तेलाकडे गेला, दुधाकडे गेला, परत आला. "राणी, तू सांग. तू सांगशील ते करतो."

राणीच्या ओठावर आलं होतं, तेल घाला. एक शब्द. पण तिनं गिळला. "मला राहावंसं वाटतं, हे लपवत नाही. पण फुंकर तुम्ही घातलीत, प्रजेला तुम्ही विचारलंत, प्रजेनं तुम्हाला सांगितलं. आता मी बोलले तर उद्या म्हणाल, राणीमुळं झालं. तुम्ही ठरवाल त्याचा नैवेद्य मात्र मी मनापासून करीन."

तेवढ्यात खालून हाक आली. केतकीची. कळ आली होती आणि ती दातावर दात रोवून ओरडत होती.

"आबा! आत ये म्हणा, नाहीतर परत जा म्हणा, पण काहीतरी म्हणा!"

राजानं डोळे मिटले. मग उघडले. तो समईपुढं गुडघ्यावर बसला. "वेशीआई," म्हणाला, "इतकी वर्षं तुझ्या समईत आमची वात जळली. तेल सगळ्यांनी घातलं, उजेड आम्हालाही मिळाला. आता आम्ही निघतो. राग धरून निघालो होतो, तो राग इथं ठेवतो. फुंकर घातली, ती चूक झाली." मग सिंधुमतीकडे वळून हात जोडले. "विहीणबाई, सहा जणांना सांगा. आमचं ठरलं. येतो आम्ही."

आणि त्यानं दुधाचा थेंब वातीवर सोडला.

चर्र झालं. वात शांत झाली. शेवटचा धूर एक वळसा घेऊन विरून गेला. बाकीच्या सहा वाती होत्या तशाच तेवत होत्या, कमी नाही की जास्त नाही.

अधांतर झरझर लहान होत खाली आला. इतका खाली आला की त्याचे पाय जमिनीला लागले, आणि तो साधा माणूस झाला, पोट सुटलेला, केस पांढरे झालेला.

"अगं आई गं," तो म्हणाला, "किती चटका बसतो जमिनीचा! कुणाकडे जास्तीच्या वहाणा आहेत का?"

राजानं आपल्या काढून दिल्या. तो त्या घालून खाली उतरून गेला, कुठंतरी अर्धवट टाकून आलेलं स्वतःचं काही काम पुरं करायला.

सिंधुमतीनं हेमावतीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. मग म्हणाली, "मेळातून निघालात, ठीक आहे. शेजारातून कुठं जाल?"

बोलायला वेळ नव्हता. खाली कमानीत भोयांची उचललेली पावलं खाली पडली. चौघं एकदम म्हणाले, "हुश्श!" आणि पालखी पळवत निघाले. राज्यभर एकाच वेळी दूध उतू गेलं, घराघरांत करपट वास सुटला आणि बायका धावल्या. मांजर भिंतीवर पडली. मांडवात भटजी एवढ्या जोरानं 'सावधान' म्हणाले की वरच्या अक्षता खाली येण्याआधीच मामानं अंतरपाट टाकून दिला आणि खाली बसला.

पालखी वाड्याच्या उंबऱ्यातून आत गेली. सुईणीनं दार लावलं. राजा दाराबाहेर येरझारा घालू लागला, प्रधान भिंतीला टेकून उभे राहिले. मग आतून एक बारीक, रागीट, खणखणीत रडणं ऐकू आलं.

"मुलगी!" सुईण म्हणाली. "आणि आवाज तर बघा, अगदी टिटवीचा."

राणी देवघरात गेली, दिव्याला हात जोडले, मग स्वयंपाकघरात जाऊन पेजेत मीठ घालून उभ्याउभ्याच ती प्यायली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते थोडं पेजेतही पडलं असेल.

पुढं सगळं पूर्वीसारखं झालं का? नाही झालं. मेळातून निघालं की निघालं. मीठ थोडं महाग झालं. कमानीखाली आता रखवालदार बसू लागला, येणारी प्रत्येक टोपली उघडून बघू लागला. राहू म्हणणारे अजून कुरबुरत, निघू म्हणणारे अजून फुशारक्या मारत. पण कशाबद्दल कुरबुरायचं ते आता कुरबुरणाऱ्याला ठाऊक होतं, आणि गाडीवानाला घरून निघताना ठाऊक होतं की आपण पोचणार. लोकांना झोप लागू लागली.

बारशाच्या दिवशी सिंधुमती आली. डोक्यावर भली मोठी टोपली. रखवालदार शिरपतीनं तिला कमानीत थांबवलं.

"टोपली खाली ठेवा, बाई. परक्या राज्यातून आलेली टोपली बघावी लागते."

"परकी? अरे मेल्या, जिचं बारसं आहे तिची आजी आहे मी!"

"असाल. टोपली उघडा."

तिनं टोपली उघडली. शिरपती एकेक वस्तू उचलून बघू लागला. डिंकाचे लाडू हुंगले. झबली झटकून बघितली. मग एक वस्तू दोन बोटांत धरून म्हणाला, "हे काय?"

"कुंची."

"हिचं काय करतात?"

"डोक्यात घालतात. अक्कल गळू नये म्हणून. तुझ्या आईनं घातली नव्हती वाटतं."

मागं उभे असलेले गाडीवान फिदीफिदी हसले. गडबड ऐकून राजा स्वतः आला. काय झालं ते त्यानं विचारलं नाही. झबली, लाडू, कुंची सगळं नीट टोपलीत भरलं, टोपली उचलून आपल्या डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "चला विहीणबाई, नात जागी आहे."

शिरपती गोंधळला. भाला सावरत पुढं झाला. "महाराज, आता टोपली तुमच्या डोक्यावर आहे. म्हणजे पुन्हा बघावी लागेल की नाही?"

राजा थांबला. टोपली खाली ठेवली. "बघ बाबा," म्हणाला. "नियम मीच केलाय."

सिंधुमती एवढी हसली की तिला कमानीचा आधार घ्यावा लागला.

हेमावती राणीच्या दारचं अडलेलं जसं सुटलं, तसं तुमच्या-आमच्या दारचंही सुटो. राहणाऱ्याला राहणं लाभो, निघणाऱ्याला निघणं लाभो, आणि दोघांच्याही चुलीवरचं दूध वेळच्या वेळी उतू जावो.